न्यू इंग्लंडमधील जुने वातकुक्कुट : पारख, खरेदी आणि जतन

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मॅसॅच्युसेट्स, व्हरमॉन्ट, न्यू हॅम्पशायर, मेन, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या सहा राज्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात. या भागातील शेतघरे, कोठारे, चर्च आणि अग्निशमन ठाणी यांच्या छपरांवर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात बसवलेले वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या फिरत्या आकृत्या, आज अमेरिकी लोककलेतील अत्यंत मोलाच्या वस्तू मानले जातात. त्यांत कोंबडे आहेत, त्याचप्रमाणे दुडक्या चालीने धावणारे घोडे, गाई, डुकरे, मासे, देवमासे, जहाजे, तुतारी फुंकणारे देवदूत आणि आगगाडीची इंजिनेही आहेत. मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्ड या गावी मे, जुलै आणि सप्टेंबर महिन्यांत मोठा जुना बाजार भरतो. तेथे किंवा एखाद्या ग्रामीण लिलावात असा वातकुक्कुट समोर आल्यावर तो खरा आहे की नकली, त्याला किती किंमत द्यावी आणि घरी आणल्यावर त्याचे काय करावे, हे ठरवू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी, विशेषतः त्या भागात स्थायिक झालेल्या वाचकांसाठी, हे मार्गदर्शन लिहिले आहे.

या साऱ्या तपासणीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो सतत मनात ठेवावा. पाऊस, बर्फ, ऊन आणि वारा यांत छपरावर कित्येक दशके फिरत राहिलेली वस्तू जिथे झिजायला हवी तिथेच ही वस्तू झिजली आहे का? अंगावरच्या प्रत्येक खुणेला छपरावरचे कारण सापडले पाहिजे. ज्या खुणेला असे कारण सापडत नाही, ती खूण बहुतेक वेळा कार्यशाळेत तयार केलेली असते.

घडण समजून घेणे

पारख शिकायची तर आधी घडण समजली पाहिजे. सुरुवातीचे वातकुक्कुट एकेका कारागिराने एकेका इमारतीसाठी घडवलेले असत. बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलवरचा सोनेरी टोळ हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध आहे. शेम ड्राउन या कारागिराने 1742 साली तो तांब्यात घडवला, त्यावर सोन्याचा वर्ख चढवला आणि त्याला काचेचे डोळे बसवले. 1974 साली तो चोरीला गेला, पण सापडला आणि पुन्हा आपल्या जागी चढला. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1787 साली फिलाडेल्फियातील जोसेफ रेकस्ट्रॉ या कारागिराकडून आपल्या माउंट व्हर्नन येथील घरासाठी चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेले शांतीचे कबूतर करवून घेतले होते. अशा वस्तू बाजारात येत नाहीत. जुन्या बाजारात ज्यांची गाठ पडते ते वातकुक्कुट दोन प्रकारचे असतात. काही गावच्या लोहाराने, सुताराने किंवा स्वतः शेतकऱ्याने पत्र्यातून अथवा फळीतून कापलेले असतात, तर काही 1850 नंतर उभ्या राहिलेल्या कारखान्यांत साच्यांवर घडवलेले असतात.

कारखान्यातील पद्धत अशी होती. प्रथम कसबी कोरक्याकडून लाकडात पूर्ण आकाराची मूर्ती कोरून घेत. तिच्यावरून लोखंडाचे साचे ओतत, आणि एकाच घोड्यासाठी डावी बाजू, उजवी बाजू, कान, पाय, शेपटी असे अनेक वेगवेगळे साचे लागत. तांब्याचा पातळ पत्रा साच्यात ठेवून तो आतल्या बाजूने हातोड्याने आणि ठशांनी ठोकून बसवत, मग कडा कापून दोन्ही अर्धी अंगे कथील आणि शिशाच्या सोल्डरने जोडत. शेवटी पिवळ्या रंगाचा थर देऊन त्यावर सोन्याचा वर्ख लावत. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हातोड्याच्या खुणा भांड्याच्या बाहेरच्या अंगावर शोभेसाठी मुद्दाम उमटवलेल्या आठवतील. येथे मात्र घाव आतून बसलेले असल्यामुळे त्या खुणा पोकळ अंगाच्या आत असतात आणि बाहेरून साच्याचा आकार तेवढा स्वच्छ उमटलेला दिसतो. म्हणूनच, एखादा सांधा उघडला असेल किंवा अंगाला भोक असेल, तर त्यातून छोट्या विजेरीच्या उजेडात आतली बाजू अवश्य पाहावी. आतून असमान ठोकलेला, काळपट तपकिरी पडलेला पत्रा दिसणे हे चांगले लक्षण आहे. आतून पत्रा गुळगुळीत, एकसारख्या जाडीचा आणि तांबूस चमकदार दिसला, तर बाहेरचे म्हातारपण कितीही पटण्यासारखे असले तरी थांबावे.

कारखाने आणि त्यांची ओळख

मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम हे गाव या धंद्याचे मोठे केंद्र होते. तेथे ए. एल. ज्युवेल यांनी 1852 पासून वातकुक्कुट घडवले, आणि 1867 साली त्यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर तो व्यवसाय कुशिंग अँड व्हाइट यांनी विकत घेतला. 1872 मध्ये व्हाइट बाहेर पडले आणि पेढीचे नाव एल. डब्ल्यू. कुशिंग अँड सन्स झाले. वेस्ट ब्रिजवॉटर येथील जे. हॉवर्ड यांच्या घोड्याची ओळख तुलनेने सोपी आहे, कारण त्याचा पुढचा भाग ओतीव जस्ताचा आणि मागचा भाग ठोकलेल्या तांब्याचा असतो. न्यूयॉर्कमध्ये जे. डब्ल्यू. फिस्के, ई. जी. वॉशबर्न आणि जे. एल. मॉट आयर्न वर्क्स, तर बॉस्टनमध्ये हॅरिस अँड कंपनी आणि डब्ल्यू. ए. स्नो या पेढ्या छापील सूचीपत्रांवरून माल विकत. न्यू इंग्लंडच्या कोठारावर न्यूयॉर्कचा घोडा आढळणे यात म्हणूनच काही वावगे नाही.

घोड्यांमध्ये त्या काळच्या शर्यतींतील नामांकित घोड्यांची रूपे पुन्हापुन्हा दिसतात. ईथन ॲलन, ब्लॅक हॉक, डेक्स्टर, गोल्डस्मिथ मेड, स्मगलर ही नावे विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर सर्रास आढळतात. करियर अँड आइव्ह्ज या छापखान्याची या घोड्यांची रंगीत चित्रे तेव्हा घरोघरी लागलेली होती आणि वातकुक्कुटांच्या कोरक्यांपुढेही तीच होती. एकाच घोड्याचे रूप एकाहून अधिक कारखाने घडवत, त्यामुळे घोड्याच्या नावावरून कारखाना ठरवू नये. पेढीचे नाव असलेली धातूची छोटी पट्टी काही वस्तूंवर असते, पण पुष्कळ अस्सल वस्तूंवर ती नसते. शिवाय पट्टी एका वस्तूवरून काढून दुसरीवर बसवणे अवघड नसते. पट्टीच्या खालचा आणि आजूबाजूचा पृष्ठभाग एकमेकांशी जुळतो का, तिच्या कडेभोवती वर्षांची धूळ आणि हिरवा थर साचला आहे का, हे भिंगातून पाहिल्यावरच तिच्यावर विश्वास ठेवावा.

साचे लोखंडाचे असल्यामुळे त्यांतील काही टिकले आणि मूळ कारखाने बंद पडल्यानंतरही त्यांतून नवे वातकुक्कुट घडवले गेले. असा घोडा आकाराने मूळ घोड्याशी तंतोतंत जुळतो. सूचीपत्रातील चित्राशी किंवा संग्रहालयातील नमुन्याशी आकार जुळला एवढ्यावरून वस्तू जुनी ठरवण्याची चूक नवे संग्राहक येथेच करतात. आकारावरून फार तर वस्तू कोणत्या साच्याची ते कळते, वय मात्र पृष्ठभागावरूनच ठरवावे लागते.

पृष्ठभाग वाचणे

तपासणीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, विजेरी, लहान लोहचुंबक आणि अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा एवढे साहित्य पुरेसे आहे. तंबूच्या सावलीत किंवा दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली निर्णय घेऊ नये. विक्रेत्याला विनंती करून वस्तू बाहेर स्वच्छ उन्हात आणावी. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही.

वातकुक्कुटाचे तोंड नेहमी वारा येतो त्या दिशेला असते, कारण आसाच्या मागच्या बाजूला वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ जास्त ठेवलेले असते आणि वारा तो मागचा भाग आपल्यापासून दूर ढकलतो. याचा परिणाम असा होतो की वाऱ्याबरोबर येणारा पाऊस, गारा आणि धूळ ही सगळी वर्षानुवर्षे नाक, कपाळ, छाती आणि पुढचे पाय यांवरच आदळत राहतात. तेथला सोन्याचा वर्ख सर्वांत आधी जातो, त्यानंतर पाठीवरचा आणि मानेच्या वरच्या कडेचा जातो. पोटाखाली, जांघेच्या खोबणीत, आयाळीच्या लाटांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी वर्ख किंवा त्याखालचा पिवळा थर टिकून राहतो. खऱ्या वस्तूवर उघड्या तांब्याकडून वर्खाकडे जाणारी कड सरळ रेषेची नसते. उघडे तांबे, मग पिवळ्या रंगाचे ठिपके, मग विरळ झालेले सोने आणि शेवटी खोबणीत शाबूत सोने असे हळूहळू जाणारे संक्रमण भिंगातून दिसते. नकली वस्तूवर वर्ख आधी सगळीकडे लावून नंतर कापडाने किंवा घासपट्टीने उंचवट्यांवरून घासलेला असतो. त्यामुळे तिथे डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या सगळ्या उंचवट्यांवर एकसारखी झीज दिसते, आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले बारीक समांतर ओरखडे उमटलेले दिसतात.

वातकुक्कुट मोकळा फिरत होता तोपर्यंत त्याच्या दोन्ही कुशी साधारण सारख्याच झिजतात. एक कूस खूप झिजलेली आणि दुसरी जवळजवळ नवी असेल, तर त्याचे कारण शोधावे. आस गंजून वातकुक्कुट एकाच दिशेला अडकून पडलेला असू शकतो. मग दक्षिणेकडची, म्हणजे उन्हाची, बाजू जास्त फिकी पडलेली असते आणि आतल्या नळीत गंज धरलेला सापडतो. नळीत गंज नाही आणि तरीही एकच कूस झिजलेली आहे, तर ती वस्तू छपरावर होती याबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

त्या नळीकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि तीच सर्वांत प्रामाणिक साक्ष देते असे माझे मत आहे. पोकळ अंगातून एक उभी नळी जाते, ती छपरावरच्या लोखंडी दांड्यावर बसते आणि त्या दांड्याच्या टोकावर सारी वस्तू फिरते. कित्येक दशके डुलत फिरल्यावर नळीचे खालचे तोंड आतून घासून रुंद होते, बहुधा एका बाजूला अधिक, आणि त्या घासलेल्या भागावरही नंतरचा काळपट थर चढलेला असतो. नकला करणारा माणूस बाहेरून घोडा म्हातारा करण्यात महिना घालवतो, पण नळीच्या आतल्या झिजेचा विचार क्वचितच करतो. वस्तू उलटी धरून नळीत विजेरी टाकावी आणि बोटाने तोंड चाचपून पाहावे.

तांब्यावरचा हिरवा थर हा दुसरा मोठा पुरावा आहे. पावसाळी हवेत तांबे आधी तपकिरी, मग काळपट होते आणि खूप वर्षांनी हिरवे पडते. शहरांच्या आणि कारखान्यांच्या हवेतील गंधकामुळे तयार होणारा थर मुख्यतः तांब्याच्या सल्फेटचा, तर समुद्रकिनाऱ्याजवळ तयार होणारा थर बऱ्याच अंशी क्लोराइडचा असतो. हा नैसर्गिक थर धातूला घट्ट धरून असतो आणि पाण्याच्या ओघळांचे मार्ग त्यात उभ्या रेषांसारखे दिसतात. ते ओघळ वस्तू छपरावर उभी असताना जी दिशा खाली होती तिकडेच गेलेले असले पाहिजेत. रसायने फवारून किंवा वस्तू ओल्या मातीत पुरून मिळवलेला हिरवा रंग भुकटीसारखा असतो, ओल्या पांढऱ्या कापसाने चोळल्यावर कापसावर उतरतो, आणि पुष्कळदा आडवा किंवा सर्व दिशांना पसरलेला असतो, कारण ती वस्तू त्या वेळी टेबलावर आडवी पडलेली असते. कापसाची ही चाचणी विक्रेत्याची परवानगी घेऊन, पोटाखालच्या लहानशा जागी आणि अगदी हलक्या हाताने करावी.

बंदुकीच्या गोळ्यांची भोके बऱ्याच वातकुक्कुटांवर असतात, कारण गावातली पोरे आणि शिकारी त्यांवर नेम धरत. अशा भोकांमुळे काही संग्राहक निराश होतात, पण खरे भोक हा वयाचा चांगला पुरावा आहे. गोळी जमिनीवरून वर झाडलेली असते, म्हणून ती खालच्या अंगाने आत शिरते आणि पलीकडच्या बाजूने वरच्या अंगाला बाहेर पडते. शिरताना पत्र्याच्या कडा आत वळतात, निघताना बाहेर फुटतात. भोकाच्या फाटलेल्या कडांवर बाकीच्या अंगाइतकाच जुना थर असायला हवा. समोरासमोर आडव्या रेषेत गेलेली, सारख्या व्यासाची, आतल्या कडा अजून तांबूस चमकणारी दोन भोके दिसली, तर ती गोळीची नाहीत, ड्रिलची आहेत.

सांध्यांवर जुने सोल्डर राखाडी आणि थोडे खडबडीत असते. दुरुस्तीमुळे एखाद्या ठिकाणी नवे, चकचकीत सोल्डर असू शकते आणि त्यात गैर काही नाही. कान, शेपटी आणि पाय हे भाग नाजूक असल्यामुळे ते वस्तू उतरवताना हमखास तुटतात आणि पुन्हा जोडले जातात. परंतु सगळेच सांधे नवे असतील तर प्रश्न विचारावा. अतिनील दिव्याखाली नवा रंग, राळ आणि भरणी पुष्कळदा वेगळ्या तेजाने उजळतात, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात वस्तू फिरवून पाहिल्यास उघड्या डोळ्यांना न दिसलेली दुरुस्ती पुढे येते. फार महाग वस्तूच्या बाबतीत क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूचे पृथक्करण करून घेता येते. सोल्डरमध्ये शिसे अजिबात नसेल तर तो सांधा अलीकडचा असण्याची शक्यता वाढते, कारण पाण्याच्या नळांसाठी शिशाचे सोल्डर वापरण्यावर अमेरिकेत 1986 साली बंदी आल्यावरच शिसेविरहित सोल्डर सर्वत्र पसरले. अर्थात एका सांध्यावरून साऱ्या वस्तूचे वय काढू नये.

लोखंडी आणि लाकडी वातकुक्कुट

ओतीव लोखंडाचा, पत्र्याची मोठी शेपटी बसवलेला कोंबडा न्यू हॅम्पशायरमधील रॉचेस्टर आयर्न वर्क्सच्या नावे ओळखला जातो आणि त्याच्या नकला भरपूर आहेत. जुन्या नमुन्यावरून नवा साचा करून लोखंड ओतले की थंड होताना ते सुमारे एक टक्का आकसते. म्हणून नक्कल मूळ वस्तूपेक्षा थोडी लहान भरते आणि पिसांच्या रेषा बोथट होतात. संग्रहालयाने किंवा नामांकित लिलावगृहाने प्रसिद्ध केलेली मापे जवळ ठेवून मोजपट्टीने ताडून पाहावे. जुना गंज गडद तपकिरी, घट्ट आणि थरांचा असतो. सगळीकडे सारखा पसरलेला नारिंगी गंज हा काही महिन्यांचाच असतो.

लाकडी वातकुक्कुट बहुधा पाइनच्या लाकडाचे असतात. त्यांच्या बाबतीत एक खूण मला फार विश्वासार्ह वाटते. जिथे रंग टिकला तिथे लाकूड झाकलेले राहते, जिथे रंग गेला तिथे लाकूड ऊन-पावसाने झिजून खोल जाते, त्यामुळे शंभर वर्षांनी उरलेल्या रंगाचे ठिपके आजूबाजूच्या लाकडापेक्षा किंचित उंचावर उभे असतात. बोट फिरवल्यावर ती उंची जाणवते. उघड्या लाकडातही मऊ भाग खाली जाऊन रेषांचे कठीण भाग वर राहिलेले असतात. मुळातच सपाट घासलेल्या फळीवर रंग लावून तो खरवडून काढला असेल, तर अशी उंची मिळत नाही.

शेतकऱ्याने स्वतः पत्र्यातून कापलेल्या, रिव्हेटने पट्ट्या ठोकलेल्या सपाट आकृत्यांकडे बाजार अजून पुरेसा लक्ष देत नाही, याचे मला वाईट वाटते. कारखान्यातल्या घोड्याचा सुबकपणा त्यांत नसतो, पण आपली गाय कशी दिसते हे रोज पाहणाऱ्या माणसाने ती कापलेली असते. पाठीचा बाक किंवा शिंगांचा कल असा असतो की तो कोणत्याही सूचीपत्रात सापडत नाही. कमी पैशांत अस्सल वस्तू हवी असणाऱ्याने सुरुवात येथून करावी.

किंमत, कागदपत्रे आणि चोरीचा प्रश्न

लोककला म्हणून या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकात रुजली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1932 साली अमेरिकी लोककलेचे मोठे प्रदर्शन भरवले, त्याच दशकात सरकारी योजनेखाली चित्रकारांनी देशभरच्या जुन्या वस्तूंची हजारो जलरंग चित्रे काढली, आणि तो संग्रह आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. त्यात वातकुक्कुटांचीही चित्रे आहेत आणि ती पारख शिकणाऱ्याला फार उपयोगी पडतात. व्हरमॉन्टमधील शेलबर्न संग्रहालय आणि न्यूयॉर्कचे अमेरिकन फोक आर्ट म्युझियम येथे अव्वल दर्जाचे नमुने पाहायला मिळतात. खरेदीपूर्वी या दोन्हींपैकी एक ठिकाण तरी गाठून खऱ्या पृष्ठभागापुढे निवांत उभे राहावे, कारण छायाचित्रात थराची खोली कळत नाही.

किमती कोठवर जाऊ शकतात याचे टोकाचे उदाहरण म्हणजे मॉट कारखान्याचा, मूळ अमेरिकी सरदाराच्या रूपातील तांब्याचा वातकुक्कुट. तो ऑक्टोबर 2006 मध्ये सदबीजच्या लिलावात 58 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. असे आकडे ऐकून गावच्या बाजारातला प्रत्येक घोडा लाखमोलाचा आहे असे समजू नये. किंमत दुर्मीळ आकार, मोठे माप आणि अस्पर्श पृष्ठभाग या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर वाढते. पुन्हा नव्याने वर्ख लावलेला चांगला घोडा हा मूळ पृष्ठभाग शाबूत असलेल्या साध्या घोड्यापेक्षा डोळ्यांना सुंदर दिसला, तरी मी दुसरा निवडेन. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम दाखवणारी अक्षरे आणि लोखंडी दांडा बरोबर नसणे हा मोठा दोष धरू नये. छपरावरून उतरवताना दांडा करवतीने कापून टाकण्याचीच पद्धत होती.

पावतीवर काय लिहिले आहे याला फार महत्त्व आहे. अमुक कारखान्याने घडवलेला, अमुक कारखान्याचा मानला जाणारा आणि अमुक कारखान्याच्या शैलीतील, या तीन वाक्यरचनांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत, आणि तिसऱ्या रचनेने वयाची कसलीच हमी मिळत नाही. कारखाना, धातू, अंदाजे काळ, झालेली दुरुस्ती आणि वर्णन चुकीचे ठरल्यास पैसे परत मिळण्याची अट या सर्व गोष्टी लेखी घ्याव्यात. जो विक्रेता तोंडी खूप बोलतो पण लिहून देताना फक्त ‘जुना तांब्याचा घोडा’ एवढेच लिहितो, त्याच्याकडे पैसे मोजू नयेत.

भाव चढल्यावर कोठारांवरून वातकुक्कुट चोरीला जाऊ लागले, आणि आजही प्रत्येक खरेदीदाराने याचा विचार केला पाहिजे. व्हरमॉन्टमधील व्हाइट रिव्हर जंक्शन या रेल्वे स्थानकावरचा आगगाडीच्या इंजिनाचा वातकुक्कुट 1983 साली चोरीला गेला होता. सुमारे चार दशकांनी तो लिलावासाठी पुढे आला, तेव्हा चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदीशी ताडून पाहताना त्याची ओळख पटली आणि तो राज्याला परत मिळाला. म्हणून वस्तू कोणत्या गावच्या, कोणत्या इमारतीवर होती, ती कधी व कोणी उतरवली आणि त्यानंतर कोणाकोणाकडे होती, हे विचारावे. सगळी साखळी क्वचितच मिळते, पण इमारतीचे जुने छायाचित्र किंवा आधीच्या लिलावाची नोंद मिळाली तर वस्तूची किंमत आणि खरेदीदाराची निश्चिंती दोन्ही वाढतात. महाग वस्तूसाठी चोरीच्या वस्तूंच्या नोंदीत शोध घेतल्याचा दाखला मागावा. आणि एखादा सुंदर वातकुक्कुट अजून आपल्या कोठारावर फिरताना दिसला, तर मालकाला तो उतरवून विकण्यासाठी गळ घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो तिथेच शोभतो आणि त्या गावाचा असतो.

घरी आणल्यानंतर

मराठी घरात तांब्याची वस्तू आली की चिंच, लिंबू किंवा पितांबरी घेऊन ती लखलखीत करण्याकडे हात आपोआप वळतो, आणि आपल्या घरच्या कळशीला ते योग्यही आहे. जुन्या वातकुक्कुटाच्या बाबतीत मात्र तो हात आवरावा. आम्लाने हिरवा थर विरघळतो, उरलेला वर्ख सुटतो आणि शंभर वर्षांत तयार झालेला पृष्ठभाग एका दुपारी कायमचा नाहीसा होतो. त्याबरोबर वस्तूच्या किमतीचा फार मोठा भागही जातो. पाहुण्यांना किंवा घरकामाच्या मदतनीसांना हे आधीच सांगून ठेवावे. साफसफाई म्हणजे मऊ, कोरड्या कुंचल्याने वरून खाली धूळ झटकणे, एवढेच. सुटत असलेल्या वर्खाजवळ तेही करू नये. मेण, तेल, वार्निश यांपैकी काहीही स्वतःहून लावू नये. लोखंडी वस्तूचा गंज वाढताना दिसला किंवा लाकडाचा रंग पोपडे धरू लागला तर धातू किंवा रंगीत लाकूड यांचे काम करणाऱ्या प्रशिक्षित संवर्धकाकडे जावे.

जुनी वस्तू पुन्हा छपरावर चढवू नये. छपरावर वातकुक्कुट हवाच असेल तर आज हाताने घडवलेला नवा बसवावा आणि जुना घरात ठेवावा. घरात तो उभा करण्यासाठी जड बैठकीवर लोखंडी दांडा बसवून घ्यावा. दांडा मूळ नळीत सैल बसेल इतका बारीक ठेवून त्याच्या टोकावर मऊ आवरण घालावे, म्हणजे नळीतली जुनी झीज जशीच्या तशी राहते. वस्तूचे वजन नळीवरच पडले पाहिजे. पाय किंवा शेपटी यांना तार बांधून भिंतीवर टांगल्यास जुने सांधे काही वर्षांत सुटतात. स्वयंपाकघराची वाफ आणि तळणाचा धूर, न्हाणीघराचा दमटपणा आणि हिवाळ्यातल्या हीटरची थेट झोत या तिन्हींपासून ती दूर असावी. लाकडी वातकुक्कुटाला हीटरचा कोरडेपणा विशेष बाधतो.

उचलताना सुती हातमोजे घालावेत आणि दोन्ही हात पोटाखाली, नळीच्या दोन बाजूंना धरावेत. घर बदलताना वस्तू पेटीत आडवी न ठेवता नळीच्या आधाराने उभी बांधून घ्यावी. प्लास्टिकचा फुगेवाला कागद थेट अंगाला लागला तर दमट हवेत त्याच्या गोल खुणा थरावर उमटतात, म्हणून मध्ये आम्लविरहित पातळ कागदाचे थर घालावेत.

खरेदीच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही कुशी, समोर, मागे, पोट, नळीचे तोंड, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक भोक यांची मोजपट्टीसह छायाचित्रे काढावीत, आणि ती पावती, मूळ मालकाने सांगितलेली माहिती व दुरुस्तीच्या नोंदी यांच्यासह एका फाइलमध्ये ठेवावीत. विमा उतरवताना, पुढे कधी विकताना किंवा वस्तू चोरीला गेल्यास तिची ओळख पटवताना हीच फाइल लागते. तिची एक प्रत घराबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी.